दोन बोटं उघडी खिडकी

बायको गेली तेव्हा मी तिच्या कपाटाला चिकटपट्टी लावली. खोकी बंद करायची असते ती, तपकिरी, रुंद. दोन्ही दारांच्या फटीवरून वरपासून खालपर्यंत. आत तिचे कपडे होते आणि कपड्यांना तिचा वास होता. दारं उघडझाप झाली की तो उडून जाणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तिचे फोटो आहेत, पण फोटोला वास नसतो.

मुलगी लांब असते. ती फोनवर म्हणायची, "बाबा, मी येऊन कपाट आवरून देते." मी म्हणायचो, "बघू." मग ती हवापाण्याचं बोलायची.

उन्हाळा असाच गेला. फारच आठवण आली की मी कपाटापाशी जाऊन उभा राहायचो, पट्टीवरून हात फिरवायचो आणि परत येऊन बसायचो. उघडायचं नाही. आत आहे ना, मग झालं.

मग थंडी आली आणि कपडे वाळेनात.

मी रुग्णालयाच्या लाँड्रीत ड्रायरवर असतो. चादरी, टॉवेल, डॉक्टरांचे हिरवे झगे आत टाकायचे, दार लावायचं, गरमागरम बाहेर काढायचे. सगळी हयात त्यात गेली. पण घरच्या धुण्याकडे मी कधी वळून पाहिलं नाही. सकाळी उठलो की खुर्चीवर माझा गणवेश ठेवलेला असायचा. कोरडा, सुरकुती नसलेला. ऐन थंडीतसुद्धा. तो तसा कुठून येतो हा प्रश्न मला पडला नाही. नळाला पाणी येतं तसा तो येत होता.

आता प्रश्न पडला. गॅलरीत घातलेले कपडे संध्याकाळी गोठून पुठ्ठ्यासारखे ताठ होऊन येतात आणि आत आणले की पुन्हा ओलेच. म्हणून ती बांधायची तशाच मी झोपायच्या खोलीत दोऱ्या बांधल्या. खिळे तिनेच ठोकलेले होते. हीटर लावला. त्याला दोन दांड्या आहेत, मी एकच लावायचो, कारण दुसरी तापली की मीटर जीव घेऊन पळतो. एवढी पैसे घालून तापवलेली हवा बाहेर जायला नको म्हणून खिडकी घट्ट लावली आणि फटीत जुने मोजे कोंबले. मला वाटलं, मी मोठं डोकं चालवलं.

कपडे तरी दमटच. त्यांना एक कुबट वास यायला लागला. मी तसेच घालून जायचो.

आमचा मुकादम माझ्या मुलीच्या वयाचा आहे. एक दिवस तो माझ्या शेजारी उभा राहिला आणि नाक मुरडून म्हणाला, "काका, तुम्ही ड्रायरवर आहात की तळ्यात?"

"थंडी आहे," मी म्हटलं. "दोन शर्ट टाकू का यातच, चादरींबरोबर?"

"आज तुमचे शर्ट, उद्या माझ्या घरचे पडदे, परवा साहेबांच्या कुत्र्याची गादी. नको काका. माझी मान अडकेल."

त्याचं बरोबर होतं. मी पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मेहुणी आली. बायकोची धाकटी बहीण, शिवणकाम करते. मी नीट जेवतो की नाही ते बघायला मधूनमधून येते आणि मी नीट जेवत नाही असं ठरवून जाते. आल्या आल्या ती झोपायच्या खोलीच्या दारात थबकली.

"भावोजी, ही खोली आहे की पातेलं? झाकण ठेवून शिजवताय काय स्वतःला?"

"कपडे वाळतायत."

"कपडे नाही वाळत. त्यांचं पाणी भिंत पितेय." तिने खिडकीच्या काचेवर बोट ओढलं. पाण्याचा ओघळ खाली आला. मग तिने दोऱ्या बाजूला सारल्या, माझ्या बनियनखालून वाकून गेली आणि कपाटाच्या मागे डोकावली. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकून आहे.

"इकडे या," ती म्हणाली.

कपाटामागची भिंत काळी पडली होती. ठिपके ठिपके, खालून वर चढत गेलेले. कपाटाची पाठ पातळ फळीची, ती ओल पिऊन फुगली होती.

"पट्टी काढा."

"नाही."

"भावोजी."

"वास जाईल तिचा."

"मला काय हौस आहे? माझीच बहीण होती ना ती!" तिचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "आज नाही उघडलंत तर थंडी संपेपर्यंत आत चिंध्या उरतील. मी रोज कापड हाताळते. मला कळतं."

कळत मलाही होतं. आमच्याकडे ओल्या चादरी गठ्ठ्यात बांधून ठेवल्या की दुसऱ्या दिवशी त्यावर डाग उठतात. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो, ओलं कोंडू नका. आणि घरी मी काय केलं होतं? समोरून पट्टी मारली आणि मागून ओल आत सोडली.

मी नखाने पट्टीचं टोक सोडवलं. ती ओढताना दाराचा रंग निघून आला.

आतून जो वास आला तो तळघराचा होता. तिच्या तपकिरी कोटाच्या खांद्यांवर पांढरी भुकटी बसली होती. मफलर, झगे, घरात घालायची निळी पँट, सगळ्यांना हिरवट ठिपके. मी खाली बसलो. रडू आलं नाही. नुसता थकवा आला, जिने चढून आल्यासारखा.

मेहुणी एकेक कपडा काढून पलंगावर टाकत होती. "धुऊन निघेल. हेही निघेल. कोटाला वेळ लागेल." मग तिने मोतिया रंगाचा जाड स्वेटर माझ्याकडे दिला. "हा बराच वाचलाय. मधे होता."

मी त्याच्या काखेत नाक खुपसलं. होता वास. थोडासा. की मला वाटलं, कोण जाणे.

"हा एक नका धुऊ हवं तर," ती म्हणाली.

मी तो मांडीवर घेऊन बसून राहिलो. मग विचारलं, "तिच्या वेळी कसं होत नव्हतं गं हे? याच दोऱ्या, हाच हीटर."

"ताई खिडकी उघडी ठेवायची. दोन बोटं. हीटर चालू, खिडकी उघडी. तुम्ही येता-जाता लावायचात, म्हणायचात, रस्ता तापवतेस काय? तुमची पाठ वळली की ती परत उघडायची."

हे खरं होतं. दर थंडीत मी तेच म्हणायचो. शेवटी खिडकी बंद असते असं धरून मी चालत होतो.

"आणि माझा गणवेश? तो तर रात्रीत वाळायचा."

मेहुणी हसली. "तुम्हाला खरंच माहीत नाही? ती त्यावर झोपायची. चादरीखाली, तिच्या बाजूला. खाली जुना टॉवेल, वर गणवेश ताणून, वर चादर, वर ताई. सकाळी कोरडा आणि इस्त्री केलेला. मी म्हटलं होतं तिला, अगं, नवऱ्याला सांग की ड्रायर घेऊ. तर म्हणाली, दिवसभर ड्रायरपुढे उभा असतो, घरी आल्यावरही त्याला तीच घरघर ऐकवू?"

मी पलंगाकडे बघत राहिलो. तिची बाजू खिडकीकडची.

मेहुणी चहा करायला उठली. मी बादलीत पाणी काढलं, तिने सांगितलं तेवढं व्हिनेगर ओतलं आणि एकेक कपडा बुडवला. शेवटी स्वेटर राहिला. ती दारात येऊन बघत होती.

"तो राहू द्या म्हटलं ना मी."

"एक कुबट ठेवला की बाकीचे परत खराब होतात," मी म्हणालो. "आमच्याकडे नियम आहे."

स्वेटर पाण्यात घातला. आधी तो तरंगला, मग मी हाताने दाबून खाली धरला.

मेहुणी गेल्यावर मी फटीतले मोजे काढले, खिडकी दोन बोटं उघडली आणि हीटरच्या दोन्ही दांड्या लावल्या. मीटरकडे पाहिलं नाही. मुलीला फोन करून सांगितलं की कपाट उघडलं. ती म्हणाली, "बरं झालं, बाबा." या वेळी तिने हवापाण्याचं काढलं नाही.

दोऱ्यांवरचे बाकीचे कपडे वाळले. स्वेटर काही वाळेना. जाड लोकर, पाणी धरून बसलेली. खाली लोंबायला लागला, त्याचा आकार जायला लागला. सकाळची पाळी करून आलो, जेवलो, आणि मग जुना टॉवेल शोधला. तिच्या बाजूला अंथरला. त्यावर स्वेटर बाह्या नीट पसरून ठेवला, चादर ओढली आणि आडवा झालो.

गार होतं. पाठीत कळ गेली. खिडकीतून वारा थेट मानेवर येत होता. ही जागा अशी आहे हे मला माहीत नव्हतं. उठावंसं वाटलं, पण उठून करायचं काय होतं? तसाच पडून राहिलो. हळूहळू पाठीखाली ऊब आली. ती माझीच होती.

फोन वाजला तेव्हा ऊन भिंतीवर सरकलं होतं. मेहुणी होती.

"काय करताय, भावोजी?"

"पडलोय. स्वेटर वाळवतोय."

मग तिने विचारलं, "वाळला का?"

मी पाठीखाली हात घालून चाचपलं. "बाह्या वाळल्या. गळा ओला आहे."

"मग उठू नका अजून," ती म्हणाली.