आतली कडी

आमच्या लातूरच्या या नाट्यगृहाला दारं किती असावीत याला काही धरबंधच नव्हता. भूकंपानंतर दोन-तीन वर्षांनी ते उभं राहिलं, आणि ज्याने कुणी त्याचा नकाशा काढला त्याला एकच गोष्ट पुरती कळली होती, की या भागातल्या माणसाला आता छपराखाली बसवायचं तर पळायची वाट त्याच्या डोळ्यांसमोर हवी. म्हणून दोन्ही भिंतींना ओळीने दारं, जवळजवळ प्रत्येक रांगेला एक. लोक तिकिटावरचा नंबर न बघता दाराशेजारची खुर्ची धरत, चपला काढून त्यांची तोंडं दाराकडे करून ठेवत, आणि मधल्या रांगा ओस पडत. पुण्या-मुंबईहून आलेले नट त्या रिकाम्या मध्याकडे बघत नाटक करायचे आणि जाताना आम्हाला नावं ठेवायचे.

यंदा त्याच्या दुरुस्तीचं काम इंजिनियर म्हणून माझ्याकडे आलं. नाट्यगृह चालवणाऱ्या मंडळाला एसी हवा होता, आणि इतक्या दारांतून गारवा टिकणार कसा? तेव्हा नियमाप्रमाणे लागतात तेवढी दारं ठेवायची आणि बाकीची विटांनी बुजवायची असं ठरलं. मी आनंदाने सही केली. खरं सांगायचं तर त्या दारांचा मला रागच होता. तीस वर्षं उलटली तरी आम्ही पळायच्या तयारीतच बसायचं म्हणजे काय?

राग घरातूनच आला होता. माझी आई, केवळाबाई, मी बांधलेल्या घरात एकदाही झोपलेली नाही. खांब, तुळया, सगळं मी स्वतः उभं राहून बांधून घेतलं, जमीन कितीही हलली तरी टिकेल असं. आणि ही अंगणात पत्र्याचं शेड टाकून त्यात राहते, उन्हाळ्यात भाजते, थंडीत कुडकुडते. "वर सलाब हाय," एवढंच घराच्या छताकडे बोट दाखवून म्हणते. येणारे-जाणारे मला विचारतात, आईला बाहेर का ठेवलंय? काय सांगणार, कपाळ!

किल्लारीला त्या रात्री मी गणपतीच्या मिरवणुकीसाठी हट्ट धरला म्हणून आई मला घेऊन बाहेर गेली होती. घरात वडील आणि माझी सहा वर्षांची धाकटी बहीण तारामती झोपले होते. वडिलांनी आतून वरची कडी लावून घेतली होती. आम्ही घराशी आलो आणि जमीन हलली. माळवदाचं घर, मातीचं जाड छप्पर, ते कोसळत असताना आई दार ढकलत होती. दार उघडलं नाही. पुढे याबद्दल ती कधी बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही.

आता माझ्या मुलीचं, ऋतुजाचं, पहिलं नाटक याच नाट्यगृहात होणार होतं आणि आजीने समोर बसून बघावं एवढंच तिचं मागणं होतं. मी आईच्या महिनाभर मागे लागलो. ती ऐकेना.

त्यात भिंतीने डोकं खायला सुरुवात केली. दक्षिणेकडच्या भिंतीवर एका जागी गिलावा तडकला. दुरुस्त केला, पुन्हा तडकला. मग मी नीट पाहिलं. तडा जमिनीपासून सरळ माझ्या खांद्यापर्यंत वर जात होता, तिथून आडवा, आणि पुन्हा सरळ खाली.

गवंडी शरणप्पा निलंग्याकडचा, शांत माणूस. तो म्हणाला, "साहेब, बुजवलेल्या दारानं अंग सोडलंय."

"बुजवलेली दारं पलीकडे आहेत. इथे दार नव्हतंच."

"न्हवतं?"

मी जुना नकाशा आणून दाखवला. तिथे सलग भिंत होती. शिवाय इतकं ठेंगणं दार नाट्यगृहाला करील कोण? वाकून आत जावं लागेल असं. शरणप्पा नकाशाकडे न बघता म्हणाला, "मालात खोट न्हाई साहेब. आतून काई न्हाई. बाहीरून कोन तरी दाबून राहिल्यावानी तडकतंय."

मी चिडून भिंतीला वळसा घालून बाहेर गेलो. तिथे गटार होतं, तारेचं कुंपण होतं आणि एक शेळी होती. मी परत येऊन पुन्हा गिलावा करायला लावला. दुसऱ्या दिवशी तडा तिथेच होता.

त्या संध्याकाळी अंगणात जेवताना मी हे सगळं वैतागून घरी सांगितलं आणि मोबाइलवरचा फोटो आईपुढे धरला. बघ, तुझ्या दारांनी मला कसं छळलंय ते. आईने फोटो बराच वेळ पाहिला. हात धुऊन आली आणि पुन्हा पाहिला.

"कडी केवढ्या उंचीवर हाय?" तिने विचारलं.

"कडी कसली? भिंत आहे ती."

ती उठून आपल्या शेडमध्ये गेली. सकाळी मात्र म्हणाली, "नाटकाला येते मी."

मला इतका आनंद झाला की बाकी कशाचाही विचार करायचं मला सुचलंच नाही. शेवटी मी जिंकलो असंच मला वाटलं.

नाटकाच्या संध्याकाळी ती माझा हात धरून आत आली, वर एकदाही न बघता. मी तिच्यासाठी मधली चांगली खुर्ची ठेवली होती. ती थेट दक्षिणेच्या भिंतीकडे गेली, त्या तड्याशेजारी बसली, आणि चपला काढून त्यांची तोंडं भिंतीकडे करून ठेवली. मी म्हटलं, बसू दे, आत आली हेच पुष्कळ. मी ऋतुजाचे फोटो काढायला पुढच्या रांगेत गेलो.

पहिला अंक चालू असताना थप थप असा आवाज येऊ लागला. पडद्यामागे कुणी सामान हलवतंय असं वाटून मी मनातल्या मनात त्यांना शिव्या दिल्या. ऋतुजा मात्र बोलता बोलता सारखी दक्षिणेकडे बघत होती.

मध्यंतराचे दिवे लागले. लोक चहाला उठले. आई खुर्चीवर नव्हती. ती भिंतीला चिकटून, टाचा उचलून, चवड्यांवर उभी होती. तो तडा जेमतेम तिच्या हनुवटीपर्यंत येत होता. तिचा हात मात्र डोक्याच्याही वर ताणलेला होता, बोटं हवेत काहीतरी चाचपत होती आणि नजर त्या बोटांच्याही वर लागली होती. भिंतीतून थप असा आवाज आला आणि तिच्या पायांवर गिलाव्याची भुकटी सांडली.

"आई, काय करतेस? चल, बस."

"हात पुरंना," ती वळून न बघता म्हणाली. तिचा आवाज बारीक होता. "बाहीर आई हाय. दार ढकलून राहिलीय."

मी तिच्या दंडाला धरलं. दुसऱ्या अंकाची घंटा झाली, लोक परतू लागले, दिवे मंद होत गेले.

"दादा, मला उचल की."

आता अंधार होता, भिंतीवरचे धक्के जोरात येत होते, आणि दुसरं काही सुचेना म्हणून मी तिच्या काखेत हात घालून तिला वर उचललं. काहीच जोर लावावा लागला नाही.