फ्राउकचे लाकडी जोडे

"खाजवा, खाजवा! त्या फ्राउकच्या दारात जाऊन खाजवा!" हिस्केनं दुधाची बादली अशी आपटली, की सातीच्या साती गायी माना वळवून बघायला लागल्या.

तिचा नवरा वोब्बे पायाच्या बोटांच्या बेचक्यात काडी फिरवत होता. "आगं, दोन वर्सं झाली या खाजंला. फ्राउकचा काय संबंध?"

"तिच्याबी बोटांत चिरा पडल्यात! काल कॉफी पिताना सांगत हुती. गावात ही खाज तिघांलाच. तुमाला, तुमच्यापायी मला, आन् आता तिला. आन् तुमी दर मंगळवारी तिचं कुंपण बांधाय जाताय!"

फ्राउक म्हणजे शेजारची विधवा. तिचे पाय एवढे गोरे आणि इवलेसे, की ती बंधाऱ्यावर अनवाणी उभी राहिली तर समुद्रपक्षी अंडी समजून उबवायला बसत. हिस्केच्या एका जोड्यात मात्र बदकाच्या जोडप्यानं पिल्लांसकट संसार केला असता. लग्नापासून हेच तिला सलत होतं.

समुद्रकाठच्या त्या मुलखातली माती अशी चिकट, की पाऊस पडला की जोडा मागं राहतो आणि पाय पुढं जातो. मोजे दिवसभर ओले. वोब्बेनं गायीच्या सडांचं मलम चोपडून बघितलं, व्हिनेगरात पाय बुडवले. आठ दिवस बरं, की पुन्हा खाज हजर.

हिस्केनं त्याला दंडाला धरून डॉक्टरीणबाईंपुढं उभं केलं.

"बाई, ही खाज परक्या बाईला कशी लागती, त्ये यांच्या तोंडावर सांगा!"

बाईंनी बोटं फाकवून बघितली. "बुरशी आहे. ओल्या फरशीवरून जाते, एका टॉवेलावरून जाते. नाहीतर दुसऱ्याच्या जोड्यात उघडा पाय घातला, की गेलीच."

"बघ!" वोब्बे ओरडला. "माज्या जोड्यात फ्राउकचा पाय कवा गेलाय? आन् तिच्या जोड्यात माजा अंगठा तरी मावंल का?"

"गप बसा," हिस्के म्हणाली. तिचे कान गाजरासारखे लाल झाले होते.

"दोघांनीही लावा," बाई मलम लिहून देत म्हणाल्या. "बोटांच्या मधे कोरडं पुसून, चार आठवडे. खाज थांबली तरी सोडायचं नाही. तिथंच सगळे फसतात."

वाटेत हिस्केनं मलमाच्या दोन नळ्या घेतल्या. एक घरी ठेवली, दुसरी घेऊन फ्राउकचं मागलं दार वाजवलं. उंबऱ्याबाहेर फ्राउकचे लाकडी जोडे उभे होते. हिस्केनं तिकडं बघितलंच नाही.

"ह्ये घे. चार आठवडे लाव. आन् जोडे आतनं पुसून वाळव."

"अगं बाई! तू कशापायी खर्च केलास?"

"असाच. शेजारीण हाईस."

फ्राउकनं नळी उलटीपालटी केली आणि गालात हसली. "हिस्के, एक इचारू? तू दर बुधवारी कॉफी पिऊन गेलीस, की माजे जोडे उलट्या तोंडानं उभे असत्यात. ह्या बुधवारी तर आत लोकरीचा धागा घावला, तुज्या मोज्याचा."

हिस्केनं वाकून ते जोडे सरळ तोंडानं ठेवले. वारा बंधाऱ्यावरून घोंघावत होता.

"मोज्यासकट जात न्हवता," ती म्हणाली. "म्हणून मोजा काढायची."

"मग? गेला का पाय?"

"टाच भाईरच ऱ्हायची, मेली."