कांताबाईचं पोट्टं

समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत कुसुमताईंचा सल्ला तयार असायचा, आणि खरं सांगायचं तर तो बहुतेक वेळा बरोबरही असायचा. म्हणूनच तर पंचाईत होती. नागपुरात धंतोलीतल्या त्या लहानशा बालमार्गदर्शन केंद्रात बारा वर्षं वस्त्या तुडवल्यावर केंद्राच्या प्रमुख यमुताईंनी त्यांना वरच्या जागेवर घ्यायचं ठरवलं, पण अट घातली की आधी ऐकायला शिका.

केंद्राची रीत अशी. तिथल्या मुली घरोघर जाऊन तान्ही-रांगती मुलं आणि त्यांच्या आया पाहायच्या, आणि आठवड्यातून एकदा आपल्या वरच्या बाईंसमोर बसायच्या. दार लावायचं, चहा मागवायचा नाही. वरच्या बाईनं 'मग तू काय केलंस' असं विचारायचं नाही. विचारायचं ते एवढंच, की त्या घरात बसली असताना तुझं काय होत होतं. यमुताई मुंबईहून शिकून आलेल्या, त्यांनी ही बैठक इथे रुजवली. कुसुमताईंना मनातून ही सगळी थेरंच वाटायची. पोर तिकडे सुकून चाललंय आणि आपण इथे बसून मन कसलं चाचपायचं, हे त्यांचं म्हणणं. पण यमुताईंपुढे बोलायची कोणाची बिशाद!

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. मे महिन्यातल्या एका दुपारी शामला बैठकीला आली तीच पेटलेली. शामला म्हणजे केंद्रातली सगळ्यात शांत मुलगी. सेलूकडची, शिकून नर्स झालेली आणि मग इथे आलेली. ती आवाज चढवून बोलतेय हेच कुसुमताईंना नवीन होतं.

कारण होतं प्रतापनगरच्या पलीकडच्या वस्तीतल्या जयवंता नावाच्या बाईचं पोर. नाव कचरू, वर्षाचं झालेलं. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, रोग काही सापडला नव्हता, आणि तरी वजन उतरत होतं. हसत नव्हतं, हात वर करत नव्हतं, रडायचंही सोडलं होतं त्यानं. आई त्याला वेळेवर भरवायची, धुवायची आणि बाजेवर नेऊन ठेवायची, पण चुकूनही त्याच्या तोंडाकडे पाहायची नाही. शामलानं विचारलं तर म्हणाली, हे माहं नाहीच.

शामलाचं एकच मागणं होतं. पोर त्या घरातून उचलून शिशुगृहात न्यावं, आणि कुसुमताईंनी शनिवारच्या समितीपुढे तशी शिफारस करावी. एकदा शिफारस गेली की पोर गेलंच म्हणून समजा, समिती कुसुमताईंचा शब्द कधी खाली पडू देत नसे. कुसुमताईंचाही संताप झाला होता. स्वतःच्या पोराला माझं नाही म्हणणारी बाई कसली आई, असं त्यांच्या ओठावर आलंच होतं. पण आदल्या दिवशी यमुताईंनी त्यांना नेमकं हेच टोचून विचारलं होतं, की शामला या एका घरात इतकी का गुंतलीय, ते तुम्हाला ठाऊक आहे का? कुसुमताईंना ठाऊक नव्हतं.

म्हणून त्यांनी दातांखाली जीभ धरली आणि रीतीप्रमाणे विचारलं, "त्या घरात तुझं काय होतं, शामला?"

शामला म्हणाली, काही नाही. कुसुमताई गप्प राहिल्या. खिडकीला खसची ताटी लावली होती, तिच्यावर शिपाई बाहेरून पाणी मारत होता. एरवी एवढ्या वेळात त्यांनी चार सल्ले देऊन पुढची फाइल उघडली असती. त्यांचा जीव नुसता कासावीस झाला, पण बसून राहिल्या.

"तिनं विकलं त्याले," शामला शेवटी म्हणाली. ऑफिसातली तिची भाषा गळून पडली होती. "आधीचं पोरगं गेलं तिचं. मंग हे झालं तं सुपात घातलं आन् शेजारच्या कांताबाईले मूठभर कण्यांवर विकलं. मी तुमाले सांगितलं नाही."

कुसुमताई नागपूरच्याच. त्यांना ही चाल काय माहीत नव्हती? मूल जगत नसलं की पुढचं दुसऱ्याला विकायचं, कचरू-धोंडू असं काही नाव ठेवायचं, आपलं म्हणायचं नाही, म्हणजे मरणाची नजर त्याच्यावर जात नाही. आईनं ते परक्याचं म्हणून नुसतं सांभाळायचं. त्या विचारणारच होत्या, अगं, मग एवढी मोठी गोष्ट तू लपवलीस का? पण शामलाचं बोलणं अजून पुरं झालं नव्हतं, म्हणून त्या थांबल्या.

"मलेही विकलं होतं," शामला म्हणाली. "शामला हे नाव गुरुजीनं शाळेत लावलं. घरी मी धोंडी. आई मरेपर्यंत मले गंगूची पोट्टी म्हणे. माह्या भावांले जवळ घे, मले कधी नाही. चाल-बिल काही नाही, ताई. मी तिले नकोच होती. या पोट्ट्याचंही तेच होऊन राहिलं."

आता मात्र कुसुमताईंना सल्ला सुचेना. त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. डोळे पुसून त्यांनी फक्त इतकं विचारलं, की जयवंता पोराकडे पाहत नाही तेव्हा कुठे पाहते?

शामला सांगू लागली. दाराकडे. भरवताना दाराकडे, धुताना दाराकडे, कोणी आत येतंय की काय अशी. हे सांगता सांगताच ती थांबली. मग तोंड पदरात घालून ती अशी रडली, की बाहेर शिपायानं पाणी मारायचं थांबवलं.

शनिवारी कुसुमताईंनी शिफारस केली नाही. समितीकडून थोडी मुदत मागून घेतली. सोमवारी शामला त्यांना वस्तीत घेऊन गेली, पण जयवंताकडे नाही, आधी कांताबाईकडे. कांताबाई भाजी विकायची, दणकट बाई, बोलायला फटकळ. शामलानं तिला पोराची अवस्था समजावली आणि तुम्हीच मालकीण आहात तर तुमच्याच तोंडानं तिला सांगा, असं विनवलं. कांताबाईनं पदर खोचला आणि निघाली.

जयवंता पोराला बाजेवर ठेवून दाराशी तांदूळ निवडत होती. कांताबाई थेट आत जाऊन बाजेशी बसली.

"जयवंता, हे पोट्टं कोणाचं व्हय?"

"तुमचं, काकू."

"मंग माह्या पोट्ट्याले असं वाळवून काहून ठेवलं वं? इकत घेतलं म्या त्याले. तू सांभाळाले हायस नं? घे मांडीवर. त्याच्या तोंडाकडे पाहून बोलत जाय, लाड कर त्याचे. तुह्यासाठी नको करू, माह्यासाठी कर. नजर लागली तं माह्या पोट्ट्याले लागन. मी पाहून घेईन."

जयवंता तांदूळ बाजूला सारून बाजेपाशी आली. मग अगदी हळू तिनं विचारलं, "मुका घेऊ?"

"घे. मी सांगून राहिली नं."

तिनं त्याला उचललं. पोर आधी लाकडासारखं ताठ झालं, मानसुद्धा फिरवली त्यानं. एका दुपारीत सगळं सुधारतं थोडंच! पण जयवंता त्याच्या गालाला गाल लावून, दाराकडे पाठ करून बसली, आणि कचरू, कचरू असं म्हणत राहिली, आणि बऱ्याच वेळानं त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

परत येताना ऊन मी म्हणत होतं. दोघी रिक्षा शोधत चालल्या होत्या. शामला रस्त्यातच थांबली.

"मी नकोशी नव्हती, ताई," ती म्हणाली. "भेत होती माही आई. तिले असं सांगाले कोणी आलंच नाही."