मागच्या चाकावरचा पत्रा

"चुंबक मोज्यात घातलास ना? रंगावर ओरखडा उठला तर बघ," व्हर्लिन म्हणाला.

"घातलाय हो. तुम्हीच शिकवलंत की!" डेल प्रुइट हसला आणि जुन्या शेव्हेल गाडीच्या दारावरून चुंबक फिरवू लागला. पत्रा अस्सल असेल तिथे चुंबक चिकटतो, आत पुट्टी भरलेली असेल तिथे घसरतो.

ओहायोच्या आमच्या कोपऱ्यात जुनी, दांडग्या इंजिनाची गाडी घ्यायची, तर लोक माझ्या बहिणीच्या नवऱ्याला, या व्हर्लिनला, सोबत नेत. इंजिन मूळचंच आहे का, खाली गंज किती, सगळं पाहून तो हळूच सांगे, "मालकानं आठवणींचेही पैसे लावलेत. तेवढे वजा कर." गाडीबद्दल तो कधी खोटं बोलला नाही. माणूस एरवी महाहट्टी, पण हे मी कुणापुढेही सांगेन.

आज त्याची स्वतःची ही शेव्हेल विकायला निघाली होती, आणि घेणारा होता डेल. बासष्ट हजार डॉलर मिळाले, तर स्मृती हरवत चाललेली माझी बहीण लोर्ना गावातल्याच शुश्रूषागृहात राहणार होती. तिथे वर्षाचे पैसे आगाऊ घेतात. नाहीतर सरकारी शुश्रूषागृह, तीन तासांवर. आणि डोळे अधू झाल्यामुळे व्हर्लिनचा परवाना गेलेला. तिकडे त्याला नेणार कोण? मी तर गावाबाहेर गाडी काढत नाही.

मागच्या चाकावरच्या पत्र्यावर चुंबक घसरला. डेलनं पुन्हा लावून पाहिला. पुन्हा घसरला.

"हे काय हो? अपघात झाला होता का?"

मला ठाऊक होतं. लोर्नानं एकदाच ही गाडी बाहेर काढली आणि मागे घेताना टपालपेटीच्या खांबावर घातली. मग आत बसून रडत राहिली, उतरेच ना. व्हर्लिननं तिच्यासमोरच पुट्टी भरली, रंग मारला आणि म्हणाला, "सांग बरं, कुठे लागलं होतं?" एवढं सांगितलं असतं तर डेलनं हजारभर कमी केले असते, फार तर. व्हर्लिननं तोंड उघडलंही.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार वाजलं. लोर्ना पायात एकच सपात घालून बाहेर आली. मला ती आठवडाभर ओळखत नव्हती. पण त्या पत्र्याकडे पाहून तिचा चेहरा पडला.

"व्हर्लिन, मी केलं का रे हे?"

"छे गं! तू कशाला करशील? घेतली तेव्हाच तिथला पत्रा कुजलेला होता."

डेल चपापला. कुजका पत्रा झाकलेली गाडी म्हणजे आणखी काय काय झाकलंय कोण जाणे. मी पुढे झाले, पण व्हर्लिननं माझ्याकडे असं पाहिलं की मी मागे सरले. मला त्याचा रागही आला आणि रडूही आलं.

"मग पन्नासच्या वर नाही जमायचं," डेल खाली बघत म्हणाला. "मला फार वाईट वाटतंय हो."

"बरोबर आहे तुझा भाव. मीही तेवढाच सांगितला असता."

डेल पैशांचं बोलत राहिला. लोर्ना पत्र्यावरून हात फिरवत होती.

"मग बरं झालं बाई," ती मला म्हणाली. "मला वाटलं, हा आता मला घरी ठेवणार नाही."

व्हर्लिन खाली वाकला आणि तिची दुसरी सपात कुठे पडली ते शोधू लागला.