चालू भट्टीची खंडेनवमी

आमच्या सोसायटीत पाणी दिवसाआड येतं. आणि माझा नवरा रोज सकाळी कोपरहून स्कूटर काढून डोंबिवलीच्या एमआयडीसीत जातो, ते पाणी फोडायला. म्हणजे पाण्यातून हायड्रोजन काढायला. बाकीचं जग हे काम सरळ विजेवर करतं म्हणे, पण सरळ मार्गानं काही करणं केदारच्या पत्रिकेतच नाही. त्यांच्या गाळ्यात तांब्याचं क्लोराइड आणि पाण्याची वाफ पाचशे अंशांपर्यंत तापवतात. त्यातून आधी ऑक्सिजन सुटतो, मग शेवटच्या टाकीत थोड्याशा विजेवर हायड्रोजन, आणि तांबं नि क्लोरीन फिरून पुन्हा पहिल्या जागी येऊन बसतात. संपतं ते फक्त पाणी.

"चक्र आहे गं संचिता, काही वाया जात नाही," तो जेवताना सांगतो.

डबा, भांडी, धुणं, पुन्हा डबा हेही चक्रच आहे आणि त्यातही शेवटी पाणीच संपतं, असं मी त्याला सांगते. पण माझ्या चक्राला अजून कोणी गुंतवणूकदार भेटलेला नाही.

मी घाबरट आहे, हे आमच्या घरात ठरून गेलेलं आहे. सान्वी चार वर्षांची आहे आणि मी तिला चणासुद्धा, घशात अडकेल म्हणून, दोन तुकडे करून देते. यावर सासूबाई आल्यागेल्याला हसून सांगतात, "आमच्या सूनबाईंचा चण्यांचा कारखाना आहे." त्यामुळे मी काही बोलले की आधी केदार आणि त्या एकमेकांकडे बघतात, मग माझ्याकडे.

तर खंडेनवमीच्या आदल्या दिवशी केदारच्या मालकांचा, देवेशसरांचा, फोन आला.

"वहिनी, उद्या मशीनची पूजा. कुमारिका पाहिजे. आमच्या स्टाफमध्ये सगळ्यांना मुलगेच हो! सान्वीला आणायचं."

"मशीन बंद असेल ना?" मी विचारलं. खंडेनवमीला हत्यारं, यंत्रं खाली ठेवतात, हातोडीलासुद्धा सुट्टी असते, एवढं मला माहीत होतं.

"बंद कसं करणार? भट्टी थंड करून परत तापवायला दोन दिवस जातात. आणि ठाण्याचे गुंतवणूकदार नेमके उद्याच मोकळे आहेत. चालू मशीनची पूजा करू. देवीला काय, चालू आवडेलच की."

देवीची आवड परस्पर ठरली. सासूबाईंनी सान्वीचं परकर-पोलकं काढून इस्त्रीसुद्धा केली.

दुसऱ्या दिवशी अकराला आम्ही गाळ्यात पोचलो. केदार पहाटेच आलेला. आता जरीचा कुर्ता घालून पाहुण्यांच्या मागे फिरत होता. दोन पाहुणे होते, दोघांच्या हातात नारळपाणी. भट्टीपासून शेवटच्या टाकीपर्यंत झेंडूच झेंडू. मनगटाएवढ्या जाड माळा, त्यात आंब्याची पानं, मधूनमधून लिंबं. जिथे म्हणून काही अडकवायला जागा होती, तिथे हार होता. हे सगळं शीळफाट्याकडच्या गावातून येणाऱ्या भाऊंचं काम. गाळ्यातले सगळ्यात जुने कामगार ते.

"आठ वाजल्यापासून लागलोय, वहिनी," ते म्हणाले. "नवरीसारखी सजवलेय का नाय?"

"छान," मी म्हटलं, आणि सवयीनं वर बघितलं. केदारनंच कधीतरी सांगितलेलं, की हायड्रोजन हलका, गळला तर वर जातो, म्हणून त्याचा वास घेणारा डबा छताला लावतात. डबा होता. त्याच्या तोंडाला मिठाईच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी होती, वर रबरबँड.

"भाऊ, ते काय?"

"ते होय! मागल्या साली धूप लावला तर किती बोंबललं. अर्ध्या आरतीत सगळी बाहेर. म्हणून या टायमाला त्याचं तोंड बांधलंय."

मी केदारला बाजूला घेतलं. "अरे, त्याला पिशवी बांधलीय."

"अर्धा तास गं. मी आहे ना इथे."

"सान्वी पण आहे इथे."

तो सासूबाईंकडे बघायला लागला. मग माझ्याकडे.

तेवढ्यात सान्वीला पाटावर बसवलंसुद्धा. पाट कुठे? शेवटच्या टाकीला लागून. फोटोत कुमारिका आणि हायड्रोजन दोन्ही यायला हवेत, ही देवेशसरांची दृष्टी. सासूबाईंनी तिचे पाय धुतले, कुंकू लावलं, पुढ्यात पुरी, शिरा, चण्यांचं ताट ठेवलं. पोरगी खूश. तिला वाटत होतं वाढदिवस आहे.

टाकीवर मीटरची एक पाटी होती, तिच्यावर दोन लाल आकडे. ताशी किती लिटर वायू निघतोय, ते. ऑक्सिजन वीस. हायड्रोजन एकतीस.

मी बी.एस्सी. केमिस्ट्री आहे. तिचा उपयोग आजवर पितळेची भांडी चिंचेनं का उजळतात, हे सासूबाईंनी न विचारताही त्यांना सांगण्यापुरताच झालेला. पण पाण्यात हायड्रोजन ऑक्सिजनच्या दुप्पट, हे शाळेतल्या पोरालाही येतं. वीसला चाळीस हवा. वरचा नऊ लिटर कुठे गेला?

"सर, हायड्रोजन कमी दिसतोय," मी म्हटलं.

"आज जरा लाजतंय मशीन. पाहुणे आहेत ना!" देवेशसर म्हणाले. पाहुणे हसले.

"केदार?"

"मीटरचा प्रॉब्लेम असेल. सकाळपर्यंत चाळीस होता. नंतर बघतो, प्लीज." हे त्यानं दात न उघडता म्हटलं. पीएचडी झालेला माणूस. कुर्ता चढवला की पदवी बहुतेक शर्टाच्या खिशातच राहते.

"सकाळी किती वाजेपर्यंत?"

उत्तर भाऊंनी दिलं. "हार घालीपर्यंत बरोबर होता की."

मी टाकीकडे बघितलं. टाकीतून मीटरकडे जाणारी प्लॅस्टिकची एक नळी होती, करंगळीएवढी. तिच्यावर सगळ्यात जाड माळ लोंबत होती, पाच लिंबांसकट. नळी मधोमध वाकलेली.

आणि देवेशसरांनी तबकातला कापूर पेटवला, टाळ्यांवर आरती सुरू झाली.

पुढचं मी विचार करून केलं असं म्हणायला मला आवडलं असतं. मी दोन पावलांत तबकापाशी गेले आणि फू करून कापूर विझवला. तोंडानं. भर आरतीत.

टाळ्या थांबल्या.

"अगं, फुंकलीस?" सासूबाई म्हणाल्या.

"सान्वीला घेऊन बाहेर जा, आई."

"तोंडानं फुंकलीस गं देवीची आरती!"

"आई, बाहेर!"

कोपऱ्यात जाळी काढायचा लांब झाडू होता. एक पाप झालंच होतं, दुसऱ्याला वेगळी वर्गणी नव्हती. झाडूच्या टोकानं मी वरची पिशवी ओढून पाडली.

डबा गप्प.

एक पाहुणा खाकरला. देवेशसर हसायला लागले, "वहिनींना जरा टेन्शन..." केदारनं माझा दंड धरला आणि मला वाटलं, आता हे आयुष्यभर ऐकायचं. चण्यांच्या कारखान्याची पुढची शाखा.

मग डबा जो किंचाळला, तो कल्याणपर्यंत ऐकू गेला असणार.

केदारचा चेहरा मी बघितला. तो पाटाकडे बघत होता. पाट रिकामा होता. सासूबाई परकरासकट, ताटासकट पोरीला उचलून केव्हाच दाराबाहेर पोचल्या होत्या. त्यांच्या नेहमीच्या गुडघेदुखीचं नंतर बघू. केदारनं भिंतीवरचं लाल बटण दाबलं, भाऊंनी दोन्ही शटर वर ढकलली, आणि आम्ही सगळे रस्त्यावर उभे राहिलो.

पाच मिनिटांत देवेशसर सावरले. पाहुण्यांना सांगत होते, "सेफ्टी बघितलीत? मुद्दाम लाइव्ह डेमो ठेवलेला." पाहुण्यांनी मान डोलावली. एकानं मला विचारलं, "मॅडम सेफ्टी ऑफिसर का?"

"नाही," मी म्हटलं, "कुमारिकेची आई."

डबा गप्प झाल्यावर केदार एकटाच आत गेला आणि झेंडूची ती माळ हातात घेऊन परत आला. "वजनानं नळीचा जोड सैल झालेला," एवढंच म्हणाला. माझ्याकडे बघितलं. या वेळी आधी माझ्याकडेच.

सासूबाई पलीकडच्या गाळ्याच्या ओट्यावर बसल्या होत्या, सान्वीला मांडीत आवळून. "विझवायचीच होती तर हातानं वारा घालायचा," त्या मला म्हणाल्या. पण पोरीला काही सोडेनात.

"बाबा, मला चणे!" सान्वी ओरडली.

केदार तिच्यासमोर खाली बसला, कुर्त्यासकट, एमआयडीसीच्या धुळीत. ताटातला एक चणा उचलला. त्यानं नखानं त्याचे दोन तुकडे केले आणि एक तिच्या तोंडात घातला. मग दुसरा चणा घेतला.