दोन शिट्ट्या

नगर जिल्ह्यात हिरवेगार डोंगर आहेत, हे खुद्द नगरकरालाच शपथेवर सांगावं लागतं. जिल्हा म्हटला की त्याला ऊस, टँकर आणि रस्त्यातले खड्डे तेवढे आठवतात. फैयाज शेखने मात्र हा खटाटोप मनावर घेतला होता. एरवी त्याचा नगरात लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ. वर्षभर नवरदेवांना ‘हनुवटी खाली’ आणि नवरींना ‘जरा हसा’ सांगून तो विटायचा, आणि गणपती उठले की हौशी फोटोवाल्यांचा ग्रुप घेऊन अकोले तालुक्यात, रतनवाडीच्या वरच्या पठारावर यायचा. त्या दिवसांत तिथे सोनकी फुलते. सगळं पठार पिवळं होतं आणि मागे डोंगरांच्या रांगा दिसतात.

यंदाच्या ग्रुपमध्ये सूर्यभानअप्पा होते. मिरजगावचे, जन्मभर एसटी चालवून निवृत्त झालेले. त्यांची लेक दिशा नगरला नोकरीला होती. तिने कॅमेरा घेऊन दिला आणि म्हाताऱ्याला त्याचं असं वेड लागलं की बांधावरची बाभळसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटेना. दिशा सोबत आली होती ती त्यांच्या शुगरपायी. “अप्पा इन्सुलिन घेतात, त्यांचं खाणं चुकून चालत नाही,” असं तिने निघतानाच बजावलं होतं. “काळजीच करू नका,” फैयाज म्हणाला होता. असं चटकन म्हणणाऱ्यांचीच खरं तर काळजी करायला हवी.

पठारावर तंबू टाकले होते. उजाडायच्या आत सगळे कॅमेरे घेऊन बाहेर पडले. पहिला उजेड एकदा गेला की गेला, म्हणून नाश्ता उजेडानंतर, हा फैयाजचा कायदा होता. दुसरा कायदा शिट्टीचा. एक लांब शिट्टी वाजली की असाल तिथे थांबायचं, कारण कुणाचा तरी फोटो चालू आहे. दोन वाजल्या की त्याच्याकडे निघायचं.

“हे तर आमचंच हाय की,” अप्पा खूश झाले. “एक घंटी थांबा, दोन घंट्या चला. समदा जलम त्यातच गेला माजा.”

सगळे हसले. अप्पांनी रोजच्या सवयीने तंबूतच सुई टोचून घेतली होती आणि पोटात अजून कण नव्हता, हे त्या हसण्यात कुणी विचारलंच नाही. कॅमेऱ्याचं ओझं पुरे म्हणून त्यांची बिस्किटंसुद्धा दिशाने आपल्या सॅकमध्ये घेतली होती. फैयाजने त्यांना एका मोठ्या खडकापाशी बसवलं आणि तो इतरांकडे वळला.

उजेड यायच्या ऐवजी धुकं आलं. “थांबा, आत्ता फाटेल,” फैयाज म्हणत राहिला. ग्रुप थांबला. धुकं फाटायचं सोडून दाटच होत गेलं, इतकं की हात लांब केला तर बोटं दिसेनात. शेवटी दिशाचा धीर सुटला. पोह्यांचा डबा घेऊन ती चाचपडत खडकाकडे गेली आणि धावतच परत आली.

“फैयाजभाई, अप्पा तिथे नाहीत.”

सोनकीचा एखादा दाट ताटवा बघून म्हातारा धुकं यायच्या आतच पुढे सरकला असणार. पण कुठे? या पठाराच्या मधोमध एक घळ होती, खोल आणि सरळ तुटलेली. काठावर गुडघाभर गवत, त्यामुळे पाय टाकेपर्यंत काठ आला हे कळायचंच नाही.

“त्यांनी सुई घेतली होती का सकाळी?” फैयाजने विचारलं.

“ते कधी चुकवतात का?” दिशाचा आवाज चिरकला. “आतापर्यंत हातपाय कापायला लागले असतील त्यांचे. नंतर त्यांना काही सुधरत नाही हो.”

फैयाजने पार्थ नावाच्या पुण्याच्या पोराला बाकीच्यांबरोबर खाली वाडीत माणसं आणायला धाडलं. पायवाट ओळखीची होती, पण जाऊन यायला दुपार झाली असती. अप्पांकडे दुपारपर्यंत वेळ नव्हता. पठारावर मोबाईलला रेंज नव्हती, म्हणून दोघांनी हाका मारमारून घसे बसवले. वारा तोंडातली हाक तोंडातच परत कोंबत होता. मग फैयाजने शिट्टी काढली आणि छातीतली सगळी हवा ओतून वाजवली. थांबला. पुन्हा वाजवली, मागच्यापेक्षा लांब. आपण इथे आहोत हे अप्पांना कळावं, ते आवाजाच्या रोखाने यावेत, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. कितीदा वाजवली कोण जाणे. उत्तर म्हणून कुठे पानही हललं नाही.

दिशाने एकदम त्याचं मनगट धरलं. “तुम्ही एक वाजवताय.”

“म्हणजे?”

“एक म्हणजे थांबा! तुम्हीच सांगितलं ना सकाळी? अहो, ते निघायला बघत असतील आणि दर वेळी तुम्ही त्यांना थांबवताय. अप्पा एका घंटीवर गाडी हलवणार नाहीत, मेले तरी!”

इतका वेळ फैयाज एका उपाशी, थरथरत्या माणसाला जागेवर खिळवून ठेवत होता. आधी लाज वाटली, मग नुसती घाई सुटली. त्याने शिट्टी ओठांत धरली आणि दोनदा वाजवली.

थोडा वेळ काहीच नाही. मग लांबून, डाव्या हाताकडून, दगड घरंगळल्याचा आवाज आला. एक दगड, त्याच्यामागे दोन-चार. ते घरंगळत राहिले, खाली, आणखी खाली, आणि शेवटी कुठेतरी पाण्यात पडले.

घळ. धुकं यायच्या आधीच अप्पा वरून वळसा घालून घळीच्या पलीकडे गेले होते आणि आता सरळ या दोघांकडे चालत निघाले होते.

“या अल्ला!” फैयाजने शिट्टी फुटेल इतक्या जोरात फुंकली. एक. लांब. श्वास संपून छाती दुखेपर्यंत.

दगडांचा आवाज थांबला. माणूस थांबला म्हणून थांबला, की आता पडायला कुणी उरलंच नाही म्हणून, हे कळायला मार्ग नव्हता. फैयाजने शिट्टी दिशाच्या हातात कोंबली.

“एकच वाजवायची. वाजवत राहा. मी पोचेपर्यंत थांबू नका, काही झालं तरी.”

तिच्या सॅकमधून ग्लुकोजचा पुडा घेऊन तो निघाला. घळीला वरच्या अंगाने वळसा होता. फैयाज तो अर्धा चालत, अर्धा हातापायांवर रांगत गेला, पुढचं गवत दाबून जमीन आहे का बघत. मागून दिशाची शिट्टी येत होती. मधे ती तुटायची, बहुधा रडू यायचं तिला, आणि तेवढ्या वेळात फैयाज आणखी घाईने रांगायचा. रस्त्यात त्याने काय काय कबूल केलं नाही! पुन्हा कधी कुणाला डोंगरात आणणार नाही, जन्मभर मांडवातच फोटो काढीन, फक्त हा माणूस राहू दे.

अप्पा काठावर उभे होते. एक पाय गवतात, दुसऱ्याची टाच दगडावर आणि पुढचा चवडा अधांतरी. सदरा घामाने चिंब, नजर हरवलेली, सगळं अंग लटलट कापत होतं. आणि तरी ते उभे होते, कारण दिशाची शिट्टी वाजत होती. फैयाजने मागून कमरेला विळखा घातला आणि त्यांना घेऊनच तो गवतात पडला.

“गिळा अप्पा. थोडंसं. गिळा.”

निम्मं ग्लुकोज हनुवटीवर सांडलं, निम्मं आत गेलं. “सापडले, वळसा घालून या!” असं दिशाला ओरडून सांगत फैयाज भरवत राहिला आणि देवाचं नाव घेत राहिला. बऱ्याच वेळाने अप्पांच्या डोळ्यांत ओळख आली. त्यांनी फैयाजचा हात घट्ट धरला. तेवढ्यात त्याच्या ओरडण्याच्या रोखाने दिशाही वळसा घालून, गुडघे फोडून घेत पोचली आणि बापाला बिलगली.

“रडती कशाला?” अप्पांची जीभ अजून जड होती. “फैयाजभाई हुते ना. ते थांबा म्हनत हुते, मी थांबलो. लई वेळ थांबलो. मंग चला म्हनले, तसा निघालो.” ते फैयाजकडे बघून हसले. “डायवरला मागचं दिसत न्हाई बगा. ज्याला दिसतं तो घंटी देतो. तुमाला वाट मोकळी दिसली, व्हय ना?”

दिशाने मान खाली घातली. ती बोलणार नव्हती. फैयाजने होकार दिला असता तरी चाललं असतं, एवढंच काय, म्हाताऱ्याला बरंही वाटलं असतं.

“नाही अप्पा,” फैयाज म्हणाला. “मला काहीच दिसत नव्हतं.”

अप्पांनी मान वळवून घळीच्या काठाकडे पाहिलं, आपल्याच पायांनी दबलेल्या गवताकडे पाहिलं. त्यांच्या बोटांची पकड सैल झाली. त्यांनी फैयाजचा हात सोडला आणि लेकीचा धरला.

“दिशा,” ते म्हणाले, “खाली जाताना तू म्होरं हो. मी तुज्या मागनं येतो.”