तेहतीस माफ्या

मिस्बाह दहावीतली. भोसरीच्या एका मदरशाला जोडलेल्या मुलींच्या शाळेत मोठ्या मॅडमनी शिरस्ताच घालून दिला होता, की मोबाईलवर कुणी कुणाला छळलं तर एका थोरलीनं बाजी, म्हणजे मोठी बहीण होऊन तिच्या पाठीशी उभं राहायचं. मिस्बाहच्या वाट्याला आठवीतली रुकय्या आली.

रुकय्याचा गळा म्हणजे भरल्या घागरीतलं पाणी. पण शाळेच्या जलशात नात, म्हणजे पैगंबरांचं स्तुतिगीत म्हणताना तो ऐन वेळी फाटला, आणि वर्गातल्या कुणीतरी त्याच्या व्हिडिओला बकरीचं बें बें जोडून वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. वर्ग हसून लोळला. त्याला बारा दिवस झाले, रुकय्या शाळेकडं फिरकली नव्हती.

मिस्बाहनं विचार केला, शब-ए-बरात तोंडावर आलीय, त्या दिवशी वैरीसुद्धा माफी मागतात. तिनं माफीचा एक तयार मजकूर शोधला, आधी स्वतः रुकय्याला पाठवला, मग ग्रुपवर टाकून बजावलं, 'हा तिला पाठवायचा. एकही सुटता कामा नये.'

एकही सुटली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती उमेदीनं रुकय्याच्या खोलीवर गेली. शेजारच्या वर्कशॉपात लेथ किरकिरत होती. दारात अम्मी रबरी वायसरांच्या कडा कापत बसलेली.

"जा बेटा, आत हाय. काल जेवली न्हाई."

रुकय्यानं फोन पुढं केला. 'जाणता-अजाणता दिल दुखावलं असेल तर अल्लाहच्या वास्ते माफ करा.' खाली गुलाब, त्याखाली कुठल्याशा टायरवाल्याचं नाव आणि नंबर. तेहतीस वेळा तोच गुलाब, तोच टायरवाला.

"नंबर तरी पुसायचा होता, बाजी. मी काय पंक्चर काढून मागितलं होतं?"

मिस्बाहनं फोन तिच्या हातात परत दिला.

"तुमचा पहिला आला. वाटलं, बाजीनं माझ्यासाठी लिहिलंय. मी उत्तर लिहायला बसले. अर्धं झालं, तोवर दुसरा आला."

"चुकलं माझं. आता तोंडानं मागते. माफ कर."

"केलं की. सगळ्यांनाच केलं. मागितल्यावर द्यावीच लागते." रुकय्यानं फोन उशीखाली सरकवला. "शाळेत तेवढी येणार नाही. अब्बू सोमवारी दाखला काढायला येतायत."

मिस्बाह गल्लीत आली तो फोन थरथरला. ग्रुपवर विचारणा होती, 'केलं का माफ?'

तिनं 'हो' लिहिलं. खोटं नव्हतं ते. पुढचं लिहायला बोट टेकवलं, तोवर लाल बदामांचा सडा पडला, आणि मोठ्या मॅडमचा निरोप आला, 'शाब्बास. मिटलं एकदाचं.'